पोटखराबा, चार गुंठे

सातबाऱ्यावर नाव नाही कुणाचंच.
नुसतं लिहिलंय: पोटखराबा, चार गुंठे.
म्हणजे नांगर न लागणारी जमीन.
बोरीच्या अलीकडं, विहिरीच्या वरच्या अंगाला
शिवारातली सगळ्यात काळी माती ही.
गुरुबसप्पानं सोडली तेव्हा भावकी हसली म्हणे,
एवढ्यात आठ पोती ज्वारी झाली असती की.

आमची माणसं आडवी होत नाहीत.
मांडी घालून बसवतात त्यांना,
डाव्या तळव्यावर लिंग, कपाळाला भस्म,
मग बेल, मीठ, आणि माती.
खड्ड्याचं माप ज्याच्या त्याच्या पावलाचं.
इरय्या स्वामी काडी घ्यायचे,
टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरून मोडायचे,
आणि नऊ वेळा भुईला लावायचे.
म्हणून निंगव्वाची जागा एवढीशी.
काडप्पा जन्मभर दुसऱ्याचा बांध कोरत आला,
जातानाही वीतभर जास्त घेऊन गेला.

मानमोडीच्या साली काड्या मोडायला कुणी उरलं नव्हतं.
आठवड्यात चौघं गेली की पाच, यावर अजून वाद आहे.
दोघी सवती एकाच खड्ड्यात बसवल्या,
गुडघ्याला गुडघा लावून.
जित्या होत्या तेव्हा चुली वेगळ्या होत्या.

रेवणसिद्ध सोलापुरात गिरणीत, साचे खात्यात.
गाठींच्या गाडीखाली उजवं पाऊल गेलं,
पुढं पाच वर्षांनी तोही.
कडब्याच्या रिकाम्या ट्रकमधून रात्री आणला.
स्वामींनी डाव्या पावलाची काडी मोडली
आणि थांबले. उजव्याचं काय?
शिवलिंगव्वा रडायची थांबली तेवढ्यापुरती.
म्हणाली, सारखीच होती दोन्ही.
मीच तेल लावलंय.

बहात्तरला बैल गेला, चाऱ्याविना, बसल्या जागी.
बापानं रात्रीतून खणलं, कुणाला न सांगता,
आणि या चार गुंठ्यांतच पुरला.
सकाळी आजानं ताजी माती बघितली.
महिनाभर बोलला नाही बापाशी.
मग एका सोमवारी सगळ्यांना बेल वाहताना
एक पान तिथंही ठेवून आला.
त्यावर पुन्हा कुणी काही बोललं नाही.

परवा मोजणीवाला आला, नव्या रस्त्याचा.
तिकाटणं रोवलं, यंत्रात डोळा घातला,
विचारलं, समाध्या किती? भरपाईला आकडा लागतो.
बाप म्हणाला, अकरा.
आत्या म्हणाली, चौदा, पाळण्यातली तीन कुठं गेली?
बाप गप्प झाला. बोटं मोजली. चौदा.
जरा वेळानं म्हणाला, पंधरा लिहा.
पंधरावा कोण ते मोजणीवाल्यानं विचारलं नाही.
नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं.
आईनं चहा आणला. कप चार, माणसं सहा.
बशीत ओतून भागवलं.

मला कुणी विचारलं नाही.
लेकीची माती सासरला.
लातूरला आमची सार्वजनिक रुद्रभूमी आहे,
नळ आहे, पत्र्याचं शेड आहे, गेटवर वहीत नाव लिहितात.
चांगली आहे. सासऱ्यांच्या वेळी बघितली.

तरी चप्पल काढली.
काडप्पाच्या पलीकडं थोडा रिकामा कोपरा आहे,
तरवडाची झुडपं आहेत तिथं.
टाचेला अंगठा लावत चालायला लागले.
ढेकळं टोचत होती. पाच. सहा.
आठव्याला पिवळ्या रंगाची खुंटी आली,
नववं पाऊल तिच्या पलीकडं, रस्त्यात पडलं.

मोजणीवाला टेप गुंडाळत होता.
काही हरवलं का ताई?
म्हटलं, नाही. माप घेतेय.